कोयता आणि अनावश्यकतेचा प्रश्न

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांच्या गावांत एक प्रश्न सहज विचारला जातो : यंदा किती कोयते गेले? विचारणाऱ्याला लोखंडी पात्यांची संख्या नको असते. एक कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारे एक जोडपे, नवरा आणि बायको. एकटा पुरुष किंवा एकटी बाई गेली तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, टोळीचे बळ सांगितले जाते ते कोयत्यांत, आणि आजारपणाने कामावर जाता आले नाही तर खाडा पडतो तोही कोयत्याचाच. ही भाषा आता इतकी रुळली आहे की तिच्यात काही विपरीत आहे असे बोलणाऱ्याला वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही वाटत नाही.

काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र येथे थबकावे लागते. मम्मटाने लक्षणेचे विवेचन करताना दिलेले भाल्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. भाले आत शिरत आहेत, असे म्हटले असता भाले स्वतः चालत नाहीत, म्हणून मुख्यार्थाला बाध येतो आणि भाले धारण केलेले पुरुष हा अर्थ घ्यावा लागतो. या प्रकाराला त्याने उपादानलक्षणा म्हटले, कारण येथे भाला सोडून दिला जात नाही. तो माणसासह आत येतो. ‘कोयते गेले’ हे वाक्य रचनेने तंतोतंत तसेच आहे. फरक आहे तो प्रयोजनाचा. भाल्यांच्या वाक्यात गर्दीचा आणि उग्रतेचा प्रत्यय द्यायचा असतो; कोयत्याच्या वाक्यात हिशोब ठेवायचा असतो. हत्यार धरणारी व्यक्ती हत्यारामुळेच हिशोबात येते. तिचे नाव, वय, तिच्या पोटातले मूल, तिच्या पाठीतली कळ यांपैकी काहीही त्या हिशोबाच्या वहीत उतरत नाही. उतरतो तो कोयता, पूर्ण किंवा अर्धा.

प्रयोजनापोटी केलेली लक्षणा कालांतराने रूढ होते आणि रूढ झाली की तिच्यातील मुख्यार्थाचा बाध जाणवेनासा होतो. या प्रकाराचे मम्मटाने दिलेले उदाहरण आहे ‘कुशल’ या शब्दाचे. कुश नावाचे गवत हाताला इजा न होऊ देता उपटून आणणारा, हा त्याचा व्युत्पत्तीने येणारा अर्थ. कोणत्याही कामात निपुण असलेला, हा रूढ अर्थ. (विश्वनाथाला हे उदाहरण मान्य नव्हते, व्युत्पत्ती म्हणजे मुख्यार्थ नव्हे असा त्याचा आक्षेप होता. तो वाद येथे बाजूला ठेवू.) ऊस हेही वनस्पतिशास्त्रानुसार तृणकुळातलेच एक गवत आहे. ते जमिनीलगत, साखरेचा अंश वाया जाऊ न देता आणि खोडव्याला इजा न होऊ देता कापणे, पाचट सोलणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे, हे सारे ज्याला साधते त्याला आपली शासकीय आणि आर्थिक परिभाषा ‘अकुशल’ म्हणते. गवत कापण्यातून जन्मलेल्या शब्दाने गवत कापणाऱ्यालाच बाहेर ठेवावे, हा शब्दार्थाच्या इतिहासातला साधा अपघात म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही.

आता या फडात यंत्र आले आहे. मार्च २०२३ मध्ये राज्य शासनाने ऊसतोडणी यंत्रासाठी अनुदानाची योजना जाहीर केली. त्यानुसार यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती अनुदान म्हणून द्यावयाची होती, आणि लक्ष्य होते ९०० यंत्रांचे. कोयता, म्हणजे जोडपे, दिवसभरात सर्वसाधारणपणे दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. यंत्र दिवसरात्र चालले तर शंभर टनांच्या वर जाते. म्हणजे एक यंत्र पन्नास कोयत्यांचे, शंभर माणसांचे काम करते. ‘यंत्राने कोयत्याची जागा घेतली’ हे वाक्य आता सर्रास ऐकू येते. या वाक्यात कोयत्याचा अर्थ कोणता घ्यायचा, हा या विवेचनाचा खरा प्रश्न आहे. हत्यार हा अर्थ घेतला तर एका जुन्या अवजाराच्या जागी नवे अवजार आले, इतकीच ती घटना ठरते. विळ्याच्या जागी कापणीयंत्र आले तशी. माणूस हा अर्थ घेतला तर ती वेगळीच घटना ठरते. भाषेने हे दोन अर्थ इतक्या वर्षांत एकमेकांत इतके मिसळून टाकले आहेत की पहिला अर्थ सांगत दुसरी कृती करणे सहज शक्य झाले आहे.

या ठिकाणी शोकगीत गाण्याचा मोह टाळला पाहिजे. जे काम यंत्र हिरावून घेत आहे ते काम कसे होते, हे आधी पाहिले पाहिजे. पहाटे तीन-चार वाजता पाचटाच्या खोपीतून उठणे, थंडीत, दवाने भिजलेल्या फडात उतरणे, दुपारी गाडी भरणे आणि रात्री कारखान्याच्या आवारात वजनाची वाट पाहत ताटकळणे, असा पाच-सहा महिन्यांचा क्रम. शौचालय नाही, आडोसा नाही, पाळीचे दिवस वेगळे नाहीत, बाळंतपण फडाच्या बांधावर. मुले साखरशाळेत गेली तर गेली, नाही तर धाकट्या भावंडांना सांभाळत बांधावर बसली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची शासकीय पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. यामागची कारणे अनेक होती. खासगी वैद्यकीय व्यवसायाने दाखवलेली कर्करोगाची भीती होती, उपचारांची दुसरी सोय नसणे होते. पण खाडा पडू नये ही निकडही होती. कोयत्याचे काम थांबू नये म्हणून कोयत्यातल्या बाईचे शरीरच दुरुस्त करून घेण्याचा हा प्रकार होता. याच जिल्ह्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयोगटातील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाल्याचे दिसून आले. अर्ध्या कोयत्याला पूर्ण करण्याची घाई हे त्याचे एकमेव कारण नव्हे. घरी एकटी ठेवलेल्या मुलीची काळजी हेही आहे. परंतु हिशोबाचे एकक जोडपे असेल तर जोडपे लवकर तयार होणार, हे समजायला अर्थशास्त्राची गरज नाही. यंत्र फडात येण्याच्या कितीतरी आधी माणसाचे यंत्र करण्याचा प्रयोग तेथे पार पडला होता.

असे काम संपत असेल तर ते संपू द्यावे, त्यात हळहळण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर त्याला निष्ठुर म्हणता येणार नाही. या विचाराला फार जुनी परंपरा आहे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात दास्याचे समर्थन करताना एक अशक्य वाटणारी कल्पना केली होती. मागावरचे धोटे आपोआप विणू लागले आणि वाद्य स्वतःच वाजू लागले, तर मालकाला दासांची गरज उरणार नाही, असे त्याने म्हटले. दोन हजारांहून अधिक वर्षांनी धोटे आपोआप चालू लागले. आधुनिक मानवाने ॲरिस्टॉटलची ती कल्पना दास्यमुक्तीचे वचन म्हणून वाचली. पण मूळ वाक्यरचनेकडे नीट पाहिले तर असे दिसते की त्यात मोकळा होतो तो मालक. त्याला दास लागणार नाही. दासाचे पुढे काय होईल, हा प्रश्न त्या वाक्यात नाही. दासाला मालकाची गरज उरेल की नाही, याबद्दल ॲरिस्टॉटल गप्प आहे.

ऊसतोड कामगाराची आजची अवस्था या मौनात आहे. त्याच्याजवळ जमीन कमी आणि कोरडवाहू. हाती शिक्षण नाही. असलेली एकमेव शक्ती म्हणजे त्याची कोणाला तरी असलेली गरज. गाळप हंगामाला मुदत असते, उभा ऊस वाळतो, तोडलेला ऊस थांबला तर उतारा घटतो. म्हणूनच ‘कोयता बंद’ या दोन शब्दांना धार होती. बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या नेत्यांनी ऊसतोड कामगारांच्या दरवाढीसाठी केलेल्या वाटाघाटी याच धारेच्या आधारावर उभ्या होत्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली तीही कोयता थांबला तर साखर थांबते या साध्या वस्तुस्थितीमुळे. नकार देण्याचे सामर्थ्य हे शोषिताचे अखेरचे सामर्थ्य असते. आपली गरज कोणाला आहे तोवरच त्याच्या नकाराला अर्थ असतो. यंत्राने हिरावलेली मोठी गोष्ट म्हणून ही नकाराची ताकद सांगावी लागेल. मजुरी त्यानंतर येते.

मराठी साहित्यातील श्रमविषयक जाणिवेची मांडणी येथे तपासून पाहणे आवश्यक आहे. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणात अण्णा भाऊ साठे यांनी पृथ्वीचा भार शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर आहे, अशी भूमिका मांडली. पुराणकथेला छेद देणारी ही प्रतिमा त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांच्या समीक्षेत पुनःपुन्हा येत राहिली, आणि ते योग्यच आहे. त्या प्रतिमेने श्रमिकाला करुणेचा विषय होण्यापासून वाचवले आणि आधारभूत ठरवले. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहातील कामगाराचा ताठ कणाही याच जाणिवेतून आला आहे. जग आपल्या हातांवर उभे आहे, म्हणून आपण कोणाहून कमी नाही, असा हा युक्तिवाद होता. पण त्याचा पाया कोणता, हे विचारण्याची वेळ तेव्हा आली नव्हती. तळहातावर पृथ्वी आहे म्हणून तळहात थोर, असे म्हटले की पृथ्वीचा भार दुसऱ्या कोणी, लोखंडाच्या हाताने, उचलून घेतला तर त्या तळहाताचे थोरपण कशावर टिकायचे? उपयुक्ततेच्या आधारावर मिळालेली प्रतिष्ठा काही प्रमाणात उचलीसारखीच असते. हंगाम संपला की तिचा हिशोब मागितला जातो.

गिरणगावाने हा हिशोब आधी पाहिला. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संपाची अधिकृत समाप्ती कधी झालीच नाही, असे म्हटले जाते. त्याचा अर्थ असा की कामगारांनी काम बंद केले आणि पुढे त्यांच्या कामाची गरजच उरली नाही. कापड यंत्रमागावर गेले, जमिनीचा भाव कापडाहून वाढला. या स्थित्यंतराचे नाट्यरूप जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात आले. त्या नाटकातील घरात शोषण करणारा मालक रंगमंचावर येत नाही. तेथे येते ती कोणालाच नको असलेल्या तरुणांची तगमग. सुर्व्यांचा कामगार शोषित होता, पण आवश्यक होता. ‘अधांतर’मधील मुले शोषितही धड नाहीत. मराठी समीक्षेने शोषिताची परिभाषा परिश्रमपूर्वक घडवली. विद्रोह, नकार, आत्मभान ही तिची सूत्रे होत. अनावश्यक ठरलेल्या माणसाला ही परिभाषा पुरत नाही, कारण विद्रोह कोणाविरुद्ध करायचा हेच त्याला दिसत नाही. ज्याच्याविरुद्ध झगडायचे तो मुळी त्याला ओळखतच नाही.

श्रमाच्या प्रतिष्ठेचा दुसरा पाया कोणता असू शकतो, या प्रश्नाशी एका वेगळ्या विचारधारेने फार आधी झुंज घेतली होती. गांधींनी ‘हिंद स्वराज्य’मध्ये (१९०९) यंत्रसंस्कृतीवर केलेला हल्ला सर्वपरिचित आहे. पुढे १९२४ मध्ये त्यांनी तो सौम्य केला, शिवणयंत्राला अपवाद मानले आणि आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असे स्पष्टीकरण दिले. शिवणयंत्राचा अपवाद त्यांनी केला तो त्याच्यामागे प्रेम आहे म्हणून. पत्नीचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरने ते घडवले, असे ते मानत. हा निकष भाबडा वाटला तरी सोडून देण्यासारखा नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९४५ च्या आपल्या ग्रंथात या विचाराचा कठोर समाचार घेतला. मनुष्याला पशुतुल्य जिणे जगावे लागू नये यासाठी यंत्र हवे, यंत्राशिवाय फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. घाम गाळण्यात पावित्र्य आहे असे सांगणारा बहुधा घाम गाळत नसतो, हे त्यांनी जातिव्यवस्थेच्या अनुभवातून ओळखले होते. जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे १९३६ चे विधान येथे जोडून वाचले की चित्र पुरे होते. वंजारी, मातंग, बौद्ध, बंजारा, भटके-विमुक्त अशा समाजांतील माणसेच मोठ्या संख्येने फडात का दिसतात, याचे उत्तर ऊसशेतीच्या तंत्रात सापडत नाही.

आंबेडकरांच्या युक्तिवादात माणसाची किंमत त्याच्या कष्टांवर अवलंबून ठेवलेली नाही, हे त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. अण्णा भाऊंच्या प्रतिमेत जी फट राहते ती येथे बुजते. तथापि एक अडचण उरते. फुरसत आणि रिकामपण यांत भेद आहे. फुरसत त्याला मिळते ज्याच्या पोटाची सोय झालेली असते. ज्याची उचल फिटलेली नाही आणि ज्याला या वर्षी टोळीत घेतलेले नाही त्याच्या वाट्याला रिकामपण येते. हाना आरेंट यांचे ‘द ह्युमन कंडिशन’ हे पुस्तक १९५८ मध्येच, अण्णा भाऊंच्या त्या भाषणाच्याच वर्षी प्रसिद्ध झाले, हा योगायोग विलक्षण आहे. त्याच्या प्रास्ताविकात स्वयंचलनामुळे श्रमिकांचा समाज श्रमाविना उरेल आणि श्रमापलीकडचे, ज्यासाठी मुक्त व्हावे असे, काही त्याला ठाऊकच नसेल, अशी भीती आरेंट यांनी व्यक्त केली. हे निरीक्षण खोल आहे, पण ते ज्या समाजाबद्दल आहे तेथे भाकरीचा प्रश्न सुटलेला गृहीत धरला आहे. बीडच्या कोयत्याला हे गृहीतक लागू करता येत नाही.

महाराष्ट्राने स्वतः या प्रश्नाला एकदा अगदी उलट उत्तर दिले होते, हे सहसा आठवले जात नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो माणसे खडी फोडायला, नालाबांध आणि पाझर तलाव खोदायला गेली. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला आकार आला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. त्याच वाटेने झालेल्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात मजूर विस्थापित करणारी यंत्रे वापरू नयेत, अशी स्पष्ट अट होती. ठेकेदारही वर्ज्य होता. म्हणजे काम असावे म्हणून यंत्र नको, असे कायद्यानेच ठरवले. यंत्र उपलब्ध असताना माणसाच्या हातून माती उपसून घेण्यात त्याचा सन्मान आहे की अपमान, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. भुकेच्या पुढे तो विचारणे शोभलेही नसते. पण रोजगार हमीत काम ही मागण्याची वस्तू झाली, हक्क झाला, आणि त्याने आणखी एक गोष्ट केली : गाव न सोडता जगण्याची शक्यता दाखवली. ज्या राज्याने एका हाताने यंत्र दूर ठेवले त्याच राज्याने २०२३ मध्ये दुसऱ्या हाताने यंत्राला अनुदान दिले. दोन्ही निर्णयांना स्वतंत्रपणे समर्थन आहे. त्यांना एकत्र ठेवल्यावर मात्र कोयत्याच्या बाबतीत राज्याची नैतिक भूमिका कोणती, हे सांगता येत नाही.

यंत्राच्या बाजूने एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. कारखानदार म्हणतात, मजूरच मिळत नाहीत. उचल घेऊन टोळ्या येत नाहीत. तोडणीअभावी ऊस उभा राहतो. यात तथ्य आहे. कोयत्याच्या मुलांपैकी जी शिकली ती फडात उतरायला तयार नाहीत, आणि तशी ती तयार नसावीत हीच त्यांच्या आईबापांची इच्छा होती. तेव्हा यंत्राने माणसाला हुसकले हे पूर्ण सत्य नव्हे. काही माणसे आधीच निघून गेली होती आणि रिकाम्या जागेत यंत्र आले. पण सगळी गेली नाहीत. जी मागे राहिली ती बहुधा वयाने उतरलेली, कर्जात अडकलेली, दुसरे काही न येणारी. आणि यंत्र फडात शिरताना निवड करते. त्याला रुंद सरी लागते, सपाट आणि मोठे क्षेत्र लागते. लोळलेला ऊस, ओली जमीन, तुकड्यातुकड्यांची वावरे त्याला परवडत नाहीत. म्हणजे चांगला ऊस यंत्राकडे जातो आणि अडचणीचा ऊस कोयत्याकडे राहतो. यंत्र ऊस कांड्यांत तोडते आणि वरचा हिरवा भाग फडातच उडवून देते, त्यामुळे बाया जे वाढे विकून मीठमिरची आणत किंवा बैलांना घालत, तेही जाते. कष्टातला सोपा भाग यंत्राने न्यावा आणि अवघड भाग माणसाने तशाच दराने करावा, ही मुक्ती कोणत्या अर्थाने म्हणायची?

रिकार्डोचे उदाहरण येथे आठवते. यंत्रामुळे सर्व वर्गांचा लाभ होतो, असे तो आधी मानत होता. १८२१ मध्ये आपल्या अर्थशास्त्रीय ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने यंत्रांवरचे नवे प्रकरण घातले आणि आपले मत चुकले होते, यंत्र मजूरवर्गाला अनेकदा हानिकारक ठरते, असे लिहून टाकले. रोखेबाजारात संपत्ती कमावलेल्या माणसाने हे कबूल करावे, हे त्याच्या बुद्धीच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. इतर देशांतील ऊसाच्या फडांनी पुढे त्याची साक्ष दिली. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकाअखेर हाताची तोडणी जवळजवळ संपली. तेथे कामगार तुलनेने थोडे आणि संघटित होते, पर्यायी रोजगार होता. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात २००७ च्या करारानंतर फड पेटवण्याची प्रथा आवरली गेली, तोडणी वेगाने यंत्राकडे गेली आणि ईशान्येच्या कोरड्या प्रदेशातून दरवर्षी येणाऱ्या हंगामी तोडणीकरांची वाट आकसत गेली. तो कोरडा ईशान्य प्रदेश आणि बालाघाटच्या डोंगररांगेवरचा बीडचा भाग यांच्यात फार अंतर आहे असे वाटत नाही.

हातांच्या पाठोपाठ आता निर्णयाचीही पाळी आली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला असून जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांच्या आधारे शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवर सल्ला दिला जातो. राज्याने २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही मंजूर केले. कोणाचा ऊस आधी तोडायचा हा सहकारातला अत्यंत राजकीय निर्णय. तो संचालकाच्या मर्जीऐवजी उसाच्या पक्वतेवर ठरला तर लहान शेतकऱ्याला न्यायच मिळेल. तसे व्हावे. मात्र शेतकी विभागाचा कर्मचारी, चिठ्ठी देणारा मुलगा, काट्यावरचा कारकून यांनाही मग कोयत्याचा प्रश्न विचारावा लागेल.

आणि तो प्रश्न आता भाषांतरकार, मुद्रितशोधक, पत्रकार आणि भाषेचा अध्यापक यांच्याही दारात आला आहे, कारण वाक्ये जुळवणारी यंत्रे आली आहेत. यंत्र आणि मानव या विषयावर अलीकडे परिसंवादांचा सुकाळ झाला आहे तो याच वेळी, हे लक्षात घेतले पाहिजे. अक्षरजुळणीच्या कामावर पोसलेली कितीतरी कुटुंबे महाराष्ट्राच्या गावोगावी होती. १९८० आणि १९९० च्या दशकांत खिळे वितळवले गेले आणि जुळणी संगणकावर गेली, तेव्हा वाङ्मयीन नियतकालिकांनी छपाई सुबक झाली म्हणून आनंद मानला. ज्याच्या बोटांनी मराठी समीक्षेचे प्रत्येक अक्षर एकेक करून उचलले होते त्या जुळाऱ्याचे पुढे काय झाले, यावर एकाही परिसंवादाची नोंद सहज आठवत नाही. लिहिणाऱ्याच्या गरजेवर घाला येईपर्यंत गरज संपणे हा त्याला तत्त्वज्ञानाचा विषय वाटला नाही. बीडचा कोयता या चर्चेत उशिरा येतो, आणि आला तर दाखला म्हणून येतो, हा दोष प्रस्तुत विवेचनालाही टळलेला नाही.

कोणी कोणाचे काय देणे लागते, हा नैतिक प्रश्न अखेर ऋणाचा आहे. फडाच्या अर्थव्यवस्थेत ऋणको नेहमी कोयताच असतो. उचल त्याच्या अंगावर असते. हंगाम संपला तरी फिटत नाही. पुढच्या हंगामाला तो आपण होऊन जातो की उचलीपोटी नेला जातो, हे सांगणे कठीण. पण दुसरी वही उघडली तर? ज्या कारखान्यांच्या भोवती महाविद्यालये, दवाखाने, बँका उभ्या राहिल्या, त्यांची चिमणी पेटती ठेवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केले त्यांचे काही येणे निघते की नाही? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले. या तरतुदीतील एका शब्दाकडे लक्ष जावे. आकारणी टनावर आहे, कोयत्यावर नाही. ऊस हाताने तोडला की यंत्राने, याने तिच्यात फरक पडण्याचे कारण नाही. यंत्राने तोडलेल्या टनाचे १० रुपयेही फडातून बाहेर पडलेल्या माणसाच्या खात्यात जाऊ शकतात, आणि तसे झाले तर कामाची गरज संपल्यावरही माणसाचे येणे संपत नाही, हे तत्त्व आपल्याकडे प्रथमच व्यवहारात मान्य झाले असे होईल. ही रक्कम लहान आहे. उद्या यंत्राच्या उसाला यातून सूट मागितली गेली तर, माणूसच नाही तर कल्याण कोणाचे, असा बिनतोड वाटणारा युक्तिवाद केला जाईल. त्या युक्तिवादाला उत्तर देण्याची तयारी आजपासून करायला हवी, आणि ती केवळ कामगार संघटनांनी करायची नाही.

यंत्रांच्या अनुदानास पात्र ठरलेल्यांत व्यक्ती, कारखाने, सहकारी शेती संस्था, शेतकरी उत्पादक संस्था असे अनेक घटक होते. तोडणी कामगारांनी एकत्र येऊन यंत्र घ्यावे, असा विचार त्या योजनेच्या केंद्रस्थानी नव्हता. पाऊण कोटीच्या वर किंमत असलेले यंत्र आणि अंगावर उचल असलेला माणूस यांची गाठ आपोआप पडत नाही. कोणीतरी ती घालून द्यावी लागते. सहकाराने एके काळी ऊस पिकवणाऱ्याची आणि साखरेच्या कारखान्याची गाठ अशीच घालून दिली होती. १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना सुरू झाला तेव्हा शेतकरी यंत्राचा मालक होऊ शकतो, हेही अनेकांना हास्यास्पद वाटले असेल.

यंत्र चालवणारा तरुण पुष्कळदा खेड्यातलाच असतो, क्वचित एखाद्या कोयत्याचाच मुलगा. त्याचे काम कुशल समजले जाते. तो काचेच्या केबिनमध्ये बसतो, रात्री दिवे लावून फड उतरवतो, आणि त्याला ऑपरेटर म्हणतात. फडाच्या कडेला ‘हार्वेस्टर आले’ असे कोणी ओरडले तर त्याचा अर्थ फक्त यंत्र आले एवढाच घेतला जातो. ते वाक्य ऐकून कोणाच्याही डोळ्यांसमोर माणूस उभा राहत नाही, जोडपे तर नाहीच. त्या केबिनमध्ये चालकाचे एकच आसन असते, आणि ज्या बाईने वीस हंगाम अर्धा कोयता म्हणून काढले तिला त्या आसनावर बसायला कोणी बोलावल्याचे अद्याप ऐकिवात नाही.